आधी डायरी उघडा! शाळेच्या वर्षाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले की माझी २६ वर्षं नागपुरातल्या एका अँग्लिकन, को-एड डे स्कूलमध्ये मराठी शिकवण्यात गेली, आणि झालं, प्रश्नांची रीघच लागली. ॲडमिशन, प्रार्थना, फी, हाउस, सुट्ट्या, काय काय. सगळे घेणं शक्य नाही, जे परत परत आले तेवढेच घेतेय. शाळेचं नाव विचारू नका, सांगणार नाही, कारण काही गोष्टी चांगल्या सांगायच्यात अन् काही नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे गल्लीतल्या केजीलाही कॉन्व्हेंट म्हणतात. मुलीसाठी एका शाळेचा फॉर्म आणला, त्यावर चर्चचं नाव आहे, पण शाळेत एकही सिस्टर दिसली नाही. उलट पाद्रीसाहेब बायकोपोरांसोबत कॅम्पसमध्ये राहून राहिले! हे कॉन्व्हेंट आहे की नाही? (एक आई, मानेवाडा)

नाही. पण तुमची चूक नाही, नागपुरात कॉन्व्हेंट म्हणजे इंग्लिश मीडियम असाच अर्थ झालाय, बोर्डावर साईबाबांचा फोटो असला तरी शाळा कॉन्व्हेंटच. खरं म्हणजे कॉन्व्हेंट हा नन्सचा मठ, त्यांनी चालवलेली शाळा ती कॉन्व्हेंट शाळा, आणि त्या बहुतेक रोमन कॅथलिक. अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं. त्यांना पोप नाही, बिशप आहेत, आणि पाद्री लग्न करू शकतात, त्यामुळे ती बायकोपोरं अगदी रीतसर आहेत, काळजी नको.

फॉर्मवर मात्र 'अँग्लिकन' शब्द शोधत बसू नका. २९ नोव्हेंबर १९७० ला अँग्लिकनसह सहा वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेच ते सीएनआय, आणि हे झालं कुठे तर आपल्या नागपुरात. दिल्ली नाही, कलकत्ता नाही, नागपूर. हे मी दरवर्षी दहावीला सांगायची अन् दरवर्षी कोणीतरी विचारायचं, मॅडम परीक्षेत येते का.

आपल्याकडे अशा शाळांची परंपरा जुनी आहे, सदरमधली बिशप कॉटन १८६२ ची. ज्यांच्या नावाने ती आहे ते कॉटन कलकत्त्याचे बिशप, त्याआधी इंग्लंडात मार्लबरोला हेडमास्तर होते. १८६६ मध्ये कुष्टियाला बोटीवर चढताना पाय घसरून नदीत पडले, ते सापडलेच नाहीत. पुष्कळ लोक त्यांची अन् मिशनरी हिस्लॉप साहेबांची गल्लत करतात. हिस्लॉप स्कॉटलंडचे, वेगळ्या चर्चचे, पण योगायोग बघा, तेही १८६३ मध्ये नागपूरजवळ नाल्याच्या पुरात वाहून गेले.

प्रश्न : माझा नातू दुसरीत आहे. आता जेवायच्या आधी हात जोडून डोळे मिटून इंग्लिशमध्ये काहीतरी पुटपुटते अन् शेवटी आमेन म्हणते. 'वदनी कवळ' पार विसरला. मुलगा म्हणतो आई काही होत नाही, पण मला रात्री झोप लागून नाही राहिली. (एक आजी, महाल)

आजी, आधी त्या आमेनचं सांगते. त्याचा अर्थ 'असंच होवो', आपण तथास्तु म्हणतो ना, तेच.

आता शाळेत काय होतं ते. सकाळी घंटा होते. आमच्याकडे रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, आमचे शिपाई मामा लोखंडी दांड्याने त्यावर ठण ठण मारायचे, अन् त्या आवाजाला रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गप्प व्हायची. मग असेंब्ली. एक गाणं, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना इंग्लिशमध्ये, बातम्या, सुविचार, राष्ट्रगीत, संपलं पंधरा मिनिटात. डबा खायच्या आधी छोटी प्रार्थना, सुटताना एक. लहान पोरांना चाल आवडते म्हणून ते घरी घेऊन येतात, जसं शेजारच्या पोराची शिवी घेऊन येतात तसंच.

तरी तुम्हाला नको वाटत असेल तर हक्क आहे तुमचा. संविधानाचं कलम २८(३) म्हणतं की सरकारची मान्यता असलेल्या किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेला त्याच्या, तो लहान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय बसवता येत नाही. मुलाला सांगा एक अर्ज लिहून दे, शाळेला ऐकावं लागेल. माझ्या नोकरीत असे अर्ज दोन-तीनच आले. एका मुलीच्या वडिलांनी दिला होता, तिला असेंब्लीच्या वेळी लायब्ररीत बसवायचे, आठ दिवसांनी ती मला येऊन म्हणते, मॅडम, मला एकटीला कंटाळा येते, पप्पाला सांगा ना. मी सांगितलं नाही, माझं काम नव्हतं ते. तिनेच घरी भांडून अर्ज मागे घ्यायला लावला.

आणखी एक, आजी. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजीच असं काही नाही. मराठी चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणतात, नारायण वामन टिळक, हे गृहस्थ काही काळ आपल्या नागपुरात श्रीमंत बुटींकडे कामाला होते, अन् १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात बायबल ठेवलं, तिथून सगळं सुरू झालं. त्यांची भजनं आमच्या पोरांना मी वहीत उतरवून द्यायची, निव्वळ मराठीसाठी. 'वदनी कवळ'चं म्हणाल तर तुम्ही रोज ताटावर बसता ना त्याच्यासोबत? म्हणा तुम्ही मोठ्याने. महिन्याभरात दोन्ही म्हणेल, मग भाजी गार होते म्हणून तुम्हीच ओरडाल.

प्रश्न : मुलाची ॲडमिशन झाली, आता वर्षभराचं गणित सांगा. आमचं शेत काटोलकडे आहे, गावाला कधी जाता येईल, खर्च कधी येईल, दांड्या मारल्या तर चालतात का? (एक पालक, काटोल रोड)

साहेब, डायरी उघडा. जूनमध्ये पुस्तकांच्या गठ्ठ्यासोबत शाळेची डायरी मिळते, तिच्या सुरुवातीच्या पानांवर सुट्ट्यांची यादी, परीक्षा, प्रार्थना, युनिफॉर्म, सगळं छापलेलं असतं, अन् पालक ती पानं ओलांडून थेट रजेच्या पानावर येतात, तेही मुलगा मामाच्या लग्नाला जाऊन आल्यावर.

आपल्याकडे उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते (काही शाळांचं सत्र एप्रिलमध्येच सुरू होऊन मधे सुट्टी लागते, ते तुमची शाळा कोणत्या शिक्षण बोर्डाची यावर आहे). पहिला महिना रेनकोटचा. व्हरांड्यात खुंट्यांवर चाळीस रेनकोट ठिबकत असतात, सगळे निळे, सगळ्यांवर नाव टाका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो अन् कोणी टाकत नाही, मग पहिलीतलं पोट्टं चौथीतल्याचा रेनकोट घालून घोट्यापर्यंत लोळवत घरी जातं. याच दिवसांत हेडबॉय, हेडगर्ल, प्रिफेक्ट यांना बॅज देतात, पाद्री येऊन आशीर्वाद देतात, मुलं मोठ्याने शपथ घेतात. आठ दिवस ते शपथ पाळतातही.

१५ ऑगस्ट झाला की पोळा. काटोलला जायचं तर हीच वेळ, कारण दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा (लहान मुलांचा, लाकडी बैलांचा) अन् मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक), त्या दिवशी नागपुरात स्थानिक सुट्टी असते. महालाकडून मारबत निघाली की तसंही शहराच्या त्या बाजूने बस येऊ शकत नाही. पण लाकडी बैल तुमचा मुलगा शाळेत आणेलच, सगळे आणतात, त्याचं पुढे सांगते.

मग पहिल्या सत्राची परीक्षा, दसरा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, १९५६ पासूनचं आहे हे, त्या दिवसांत शाळेच्या बसचे मार्ग बदलतात. आमच्या स्टाफमधले दोघं-तिघं दरवर्षी तिथे पाणीवाटपाला उभे असायचे. मग दिवाळीची सुट्टी.

दिवाळीनंतर आमच्याकडे हार्वेस्ट, म्हणजे सुगीचा सण. अँग्लिकन चर्चमध्ये हा असतोच, दिवस मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. मुलं घरून पिकलेलं काहीतरी आणतात, ते चर्चमध्ये पुढे मांडतात, प्रार्थना झाली की लिलाव, पैसे गरिबांच्या मदतीला. तुम्ही काटोलचे, म्हणजे तेव्हा आंबिया बहाराची संत्री झाडावर असतील, एक क्रेट पाठवा, मुलाची वर्गात इज्जत वाढेल. शहरातली पोरं बिचारी सुपरमार्केटचं स्टिकर लावलेलं सफरचंद घेऊन येतात. एकदा आमच्या पाद्रीसाहेबांनी स्वतःच एका कोहळ्यावर बोली चढवत नेली, समोरून पीटीचे सर चढवत होते, दोघंही हट्टाला पेटले, शेवटी कोहळा चारशे रुपयांना गेला अन् पीटीच्या सरांच्या घरी आठवडाभर कोहळ्याचे बोंडंच चालू होते म्हणतात.

डिसेंबर सगळ्यात गडबडीचा. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट, दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. मग कॅरोल सर्व्हिस, त्यात बायबलमधले नऊ उतारे अन् मधे मधे गाणी, ही पद्धत इंग्लंडात ट्रूरो नावाच्या गावी १८८० मध्ये सुरू झाली अन् आता जिथे अँग्लिकन तिथे ती. उतारे मुलंच वाचतात, सगळ्यात लहान मुलापासून सुरू होऊन शेवट मोठ्यांवर. अन् नेमकं तेव्हाच विधिमंडळाचं अधिवेशन! नागपूर करारामुळे एक अधिवेशन इथे होतं हे नागरिकशास्त्रात ठीक आहे, पण सिव्हिल लाइन्सकडे मोर्चे अन् बॅरिकेड, बस पाऊण पाऊण तास लेट, एका वर्षी नाताळच्या नाटकातले आमचे तीनपैकी दोन ज्ञानी पुरुष ट्रॅफिकमध्ये अडकले अन् एकट्यानेच येशूला तिन्ही भेटी दिल्या. त्यातलं सोनं म्हणजे संत्रा बर्फीचा डबा, वर सोनेरी कागद. कार्यक्रम संपेपर्यंत गव्हाणीला मुंग्या.

जानेवारीत स्पोर्ट्स डे अन् २६ जानेवारी, खर्च इथे येतो, पांढरे बूट आणि हाउसचा, म्हणजे मुलांच्या खेळाच्या गटाचा, टीशर्ट. फेब्रुवारीत दहावीला निरोप, पोरी साडीत, पोट्टे बापाच्या कोटात. याच सुमारास लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस सुरू होतात, ख्रिस्ती मुलांपैकी कोणी चहा सोडतं, कोणी चॉकलेट. गुड फ्रायडेची तारीख दरवर्षी हलते म्हणून परीक्षेचं टाइमटेबलही हलतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, त्यामुळे २२ मार्च ते २५ एप्रिल कुठेही येऊ शकतो. पालक चिडतात यावर. अहो पोळा तरी कुठे एका तारखेला येतो, तोही चंद्रावरच चालतो.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा, खिशात कांदा, घरी आल्यावर पन्हं, रिझल्ट.

दांड्यांचं : परीक्षेत अन् कॅरोलच्या तालमीत मारू नका, बाकी ताप आला म्हणून खोटं लिहिण्यापेक्षा 'शेतात संत्रा तोड आहे' असं खरं लिहा, मी तरी अशी चिठ्ठी कधी परत पाठवली नाही.

प्रश्न : मुलीला रेड हाउस मिळालं, तिची मैत्रीण ब्लूमध्ये. दोन दिवस जेवली नाही. बदलून मिळेल का? (एक आई, खामला)

नाही मिळणार, अन् मागूही नका. हाउस म्हणजे मुळात खरंच घर, इंग्लंडातल्या बोर्डिंग शाळांत मुलं ज्या घरात राहायची, जेवायची, झोपायची ते. आपल्या डे स्कूलने घर सोडलं अन् नाव तेवढं ठेवलं, दुपारी दोनला सगळी आपापल्या घरी. खेळ, हाउस, प्रिफेक्ट हे सगळं ज्या रग्बी आणि मार्लबरोसारख्या शाळांतून आलं तिथेच ते कॉटनसाहेब शिकवत होते, आधी रग्बीला, मग मार्लबरोला हेडमास्तर. मार्लबरोची मुलं फार दंगेखोर, तर यांनी त्यांना मैदानावर खेळाला लावलं. म्हणजे रिकामी पोट्टी दंगा करतात हे त्यांनाही कळलं होतं. तुमची मुलगी ऑगस्टपर्यंत रेडसाठी गळा फाडून ओरडत असेल, लिहून ठेवा.

प्रश्न : मुलगी आठवीत गेली. वर्गात एका बाकावर मुलगा-मुलगी बसवतात. माझी बायको म्हणते शाळा बदला. तुमचं मत? (एक वडील, नंदनवन)

माझं मत, बदलू नका. पण तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. आठवी-नववीत चिठ्ठ्या फिरतात, कोणाचं नाव कोणासोबत बाथरूमच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, हे होतंच. पण तीच मुलं सायन्स लॅबमध्ये एका बर्नरवर चौघं काम करतात, मुलगा म्हणतो तू वाच मी मोजतो, मुलगी म्हणते नाही, मी मोजते, तू मागच्या वेळी सांडलं होतं. हे सोपं वाटतं, पण मी मुलींच्या शाळेत शिकले, मला कॉलेजात मुलाला साधं 'जरा सरक' म्हणायला वर्ष लागलं.

आमची चूक कुठे झाली तेही सांगते. चिठ्ठी सापडली की आम्ही मुलीला बोलवायचो, मुलीच्या आईला बोलवायचो, मुलाला नुसता उभा करायचो. कित्येक वर्षं मीही तेच केलं. मग एका मुलीने तोंडावर विचारलं, मॅडम, चिठ्ठी त्याने लिहिली, माझी आई काहून आली? मला उत्तर देता आलं नाही. स्टाफ मीटिंगमध्ये मी मुद्दा काढला तर मुख्याध्यापक म्हणाले 'पाहू', अन् ते पाहणं माझ्या रिटायरमेंटपर्यंत चाललं. तेव्हा तुम्ही शाळेला विचारायचं असेल तर बाकाबद्दल नका विचारू, हे विचारा.

प्रश्न : आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरिबांसाठीच्या राखीव जागांतून, अशा शाळेत नंबर लागतो का? अन् फी दरवर्षी वाढवू शकतात का? (एक वाचक, जरीपटका)

पहिल्याचं उत्तर नाही. चर्चच्या शाळा अल्पसंख्याकांच्या, अन् अशा शाळांना आरटीईच्या २५ टक्के जागा लागू नाहीत, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे. काही शाळा स्वतःहून सवलत देतात, ऑफिसात जाऊन विचारायला लाजू नका. फीचं, महाराष्ट्रात २०११ चा फी कायदा आहे, प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा, त्याची कार्यकारिणी इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची, अन् ठरलेली फी दोन वर्षं बदलायची नाही. चिठ्ठीत नाव टाकायला कोणी येत नाही, अन् फी वाढली की गेटवर दोनशे लोक.

प्रश्न : मुलगा शाळेत मराठी बोलला म्हणून टीचरने दंड घेतला. मराठी माणसाच्या राज्यात हे चालते का? (एक संतापलेला बाप, त्रिमूर्तीनगर)

तुमच्याइतकाच राग मला यायचा, अन् मी तर त्याच शाळेत पगार घेत होते. आमच्याकडे एक रुपया होता. मॉनिटर वहीत नावं लिहायचा. पोरं माझ्या तासाला आली की दार लावायच्या आधी ओरडायची, चला रे, फुकटात बोला! चाळीस मिनिटं नुसता कल्ला, 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो', 'काहून बे', मी व्याकरणाचा खडू हातात घेऊन उभी. एकदा स्टाफरूममध्ये मी मॉनिटरच्या वहीत माझंच नाव लिहिलं, समोर २० रुपये ठेवले, म्हटलं आजचे वीस वेळा. वही पुढच्या सोमवारी बंद झाली. माझ्यामुळे झाली असं नाही, शिल्लक पैशांचा हिशोब लागत नव्हता म्हणून झाली.

२०२० चा कायदा आहे, राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची, नाही शिकवली तर शाळेच्या जबाबदार माणसाला एक लाखापर्यंत दंड. पोराचा एक रुपया अन् त्यांचा एक लाख. बोलण्यावरच्या दंडाबद्दल मात्र तुम्ही सरळ मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी बोलू नका, पोच घ्या. पण इंग्लिशच्या तासाला इंग्लिश बोल म्हणत असतील तर त्यात काही चूक नाही हो, त्यासाठीच फी भरता ना.

प्रश्न : टीचर, मी तिसरीत आहे. मला नाटकात बैल केलं. मला एंजल पाहिजे होतं. बैलाला डायलॉगच नाही. (नाव लिहू नका, सगळे हसतील)

नाही लिहिलं बघ.

ऐक, आमच्या शाळेत नाताळला गव्हाणी मांडायचे, बाळ येशू, मेंढ्या, गाढव, सगळं मातीचं. एका वर्षी माळ्यावरून पेटी काढली तर बैलाचे तुकडे झालेले. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. तर तुझ्याएवढ्याच एका मुलाने घरून तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणला, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, अन् खाली चाकं. आम्ही चाकांवर तणस टाकली, तरी एक चाक दिसतच होतं. बिशप साहेब आले, वाकून पाहिलं, ते चाक बोटाने हळूच पुढे-मागे केलं, अन् सगळ्या चर्चमध्ये घुंगरू वाजलं.

तुझ्या टीचरला विचार, गळ्यात घुंगरू बांधलं तर चालेल का.